मोटर सुरू झाली की गेटवे का पडतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चोपडा-यावल पट्ट्यात केळीच्या बागांमध्ये ठिबकचे व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे साठेक गेटवे तुम्ही लावलेत. एआरएम६४ चा छोटा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, लिनक्स कर्नल ५.१५, यूएसबीला रेडिओचा डोंगल आणि डोंगल विकणाऱ्यानेच दिलेला नेटवर्क ड्रायव्हर. रात्री थ्री फेज लाइट आली, ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या, की दोन-चार गेटवे कर्नल पॅनिक होऊन (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सावरता न येणाऱ्या चुकीवर थांबून) रीबूट होतात. ऑफिसात टेबलावर मात्र एकदाही होत नाही. तुम्ही वर्क फंक्शनमध्ये (ड्रायव्हर मागून करायला रांगेत लावतो त्या कामात, ज्याला 'वर्क' म्हणतात) पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, नल (रिकामा) आहे का ते तपासून पाहिलं, मग डिस्कनेक्टमध्ये (डोंगल निघाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) १०० मिलिसेकंदांचा एमस्लीप, म्हणजे थांबा, टाकला. रोजचा पॅनिक आठवड्यावर गेला, पण गेला नाही. शेवटी कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावलेला कर्नल एका वावरात ठेवला, तेव्हा यूज-आफ्टर-फ्रीचा, म्हणजे सोडून दिलेली मेमरी नंतर वापरल्याचा, रिपोर्ट हाती लागला. आता 'नेमकं काय दुरुस्त करू' असं विचारताय.

पहिली गोष्ट, कासान लावून रिपोर्ट आणलात, अर्धं काम झालं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काहीही बंद पडलं की उन्हावर ढकलायची सवय आहे. भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या डब्यात बोर्ड तापतो, हे सगळं खरं. पण ऊन रोज रात्री लाइट आल्याबरोबर हजर होत नाही. वेळ इतकी ठरलेली असेल तर उष्णता नव्हे, काहीतरी घटना शोधायची. इथे घटना अशी: मोटरी उठतात, डीपीवर व्होल्टेज खाली बसतं, डोंगल क्षणभर मरतो, यूएसबी हबला वाटतं कुणी उपटला, आणि कर्नल ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट फंक्शन बोलावतो. म्हणजे तुमच्या साठ गेटवेंमध्ये रोज रात्री कुणीतरी चालू डोंगल उपटतंय.

आता रिपोर्ट. त्यात तीन स्टॅक (कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याच्या याद्या) आहेत आणि बहुतेक जण पहिल्यावरच अडकतात. पहिला स्टॅक सांगतो की मोकळ्या मेमरीला हात कुणी लावला: तुमच्याकडे स्टॅट-वर्क (सिग्नलची ताकद विचारणारं वर्क), ८ बाइटचं रीड. दुसरा सांगतो ती मेमरी कुणी घेतली: प्रोबमधलं (डोंगल लागल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधलं) अ‍ॅलॉक_ईथरडेव्ह. तिसरा सांगतो ती कुणी सोडली: डिस्कनेक्टमधलं फ्री_नेटडेव्ह. मी नेहमी तिसऱ्यापासून वाचतो. पहिल्या स्टॅकमध्ये जो सापडतो तो बहुधा बिचारा असतो. त्याला कुणी सांगितलंच नाही की मेमरी गेली. प्रश्न तिसऱ्याला विचारायचा: सोडताना हे कुणाकुणाच्या हातात आहे याची चौकशी केली होतीस का?

तुमच्या कर्नलमधल्या कासानच्या रिपोर्टमध्ये खाली आणखी एक भाग असतो, 'लास्ट पोटेन्शियली रिलेटेड वर्क क्रिएशन' या मथळ्याचा. लोक तो सोडून देतात. त्या मेमरीतलं वर्क शेवटचं रांगेत कुणी लावलं, हे तो दाखवतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तिथे इंटरप्ट यूआरबीचं (यूआरबी म्हणजे यूएसबीवरच्या देवाणघेवाणीची एक विनंती) कम्प्लीशन, म्हणजे विनंती पुरी झाल्यावर चालणारं फंक्शन, दिसतंय. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रिपोर्टमधली 'रीजनच्या आत २७१२ बाइटवर' ही ओळही फुकट नाही. नेट_डिव्हाइस (कर्नलमधली नेटवर्क इंटरफेसची नोंद) आणि त्याच्या पाठोपाठ ड्रायव्हरचा प्रायव्हेट भाग, अशी ती एकच सलग मेमरी असते. तुमच्या बिल्डमधला नेट_डिव्हाइसचा आकार पाहोलने (स्ट्रक्चरची मांडणी दाखवणाऱ्या साधनाने) काढा, ३२ च्या पटीत वर न्या, २७१२ मधून वजा करा. उरेल तो प्रायव्हेट स्ट्रक्चरमधला ऑफसेट, म्हणजे नेमकं कोणतं फील्ड वाचलं गेलं ते कळेल. अंदाज बांधण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम बरं.

आता तुमच्या दोन उपायांबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका, मीही हे दोन्ही करून चुकलोय. नल तपासणी इथे कधीच लागू होणार नाही. वर्क फंक्शनला मिळतो वर्कचा पत्ता. त्यावरून कंटेनर_ऑफने तुम्ही प्रायव्हेट स्ट्रक्चर काढता, म्हणजे ठरावीक बाइट मागे जाता, बस. हा हिशेब नल देतच नाही. शिवाय ते वर्क स्वतःच त्या मोकळ्या केलेल्या मेमरीत बसलेलं आहे. ज्या फांदीवर उभे आहात ती शाबूत आहे का, हे त्याच फांदीला विचारण्यासारखं झालं.

एमस्लीपने फरक का पडला? कारण तुमची खिडकी, म्हणजे घोळ होऊ शकतो तेवढा वेळ, सहसा १०० मिलिसेकंदांपेक्षा लहान असते, पण नेहमी नाही. स्टॅट-वर्क दर दोन सेकंदांनी डोंगलला यूएसबी_कंट्रोल_मेसेजने सिग्नलची ताकद विचारतं. हे फंक्शन उत्तर येईपर्यंत झोपतं आणि तुमच्या ड्रायव्हरमध्ये टाइमआउट आहे ५ सेकंद. डोंगल जिवंत असताना उत्तर काही मिलिसेकंदांत येतं. डोंगल मेला की वर्क तिथेच झोपून राहतं, कधी थोडं, कधी पूर्ण ५ सेकंद. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर डिस्कनेक्ट येतं, अनरजिस्टर होतं, तुमची १०० मिलिसेकंदांची डुलकी होते, फ्री_नेटडेव्ह होतं. मग वर्क जागं होतं, त्याला एरर मिळते, आणि ते निवांतपणे प्रायव्हेटमधल्या काउंटरला हात घालतं. टेबलावर हे दिसत नाही, कारण टेबलावर तुम्ही इंटरफेस आयपी कमांडने खाली (बंद) करता. डोंगल जिवंत असतो, कंट्रोल मेसेज लगेच परततो.

मेमरी मोकळी झाल्यावर लगेच काही बिघडलंच पाहिजे असं नाही, म्हणून हे बग इतके छळतात. व्यापाऱ्याने बागेतले घड बघून चिठ्ठी लिहिली. तोवर मालकाने बाग तोडून वावर नांगरलं आणि हरभरा पेरला. चिठ्ठी घेऊन आलेला माणूस अंधारात तिसऱ्या ओळीत दहाव्या जागी कोयता मारतो. कधी तो मोकळ्या जमिनीवर बसतो, कधी दुसऱ्याच्या पिकावर. कर्नलमध्ये दुसऱ्याचं पीक म्हणजे फाइलसिस्टमचा इनोड किंवा दुसऱ्या प्रोसेसचं क्रेडेन्शियल. म्हणूनच नेटवर्क कोडमधले हे बग सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट. डीसीसीपी प्रोटोकॉलमधला सीव्हीई-२०१७-६०७४ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या त्रुटीचा जाहीर क्रमांक) घ्या: कोड २००५ पासून कर्नलमध्ये होता, अडकवून ठेवलेलं पॅकेट तिथे संदर्भ (अजून कितीजण ते धरून आहेत) न मोजता सरळ मोकळं केलं जात होतं, आणि साध्या यूजरला त्यावरून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता येत होतं. दुरुस्ती जवळपास एका ओळीची होती: जबरदस्तीच्या फ्रीऐवजी संदर्भ मोजून सोडणारं कन्झ्यूम_एसकेबी. नेटफिल्टरमधला (कर्नलच्या फायरवॉलमधला) सीव्हीई-२०२४-१०८६ हाही यूज-आफ्टर-फ्रीच.

आता दुरुस्ती. तुमच्या स्टॉप फंक्शनमध्ये (इंटरफेस बंद होताना चालणाऱ्या) कॅन्सल_डिलेड_वर्क आहे, शेवटी सिंक नाही. सिंक नसलेलं फंक्शन रांगेतलं वर्क काढतं, पण चालू असलेल्याची वाट बघत नाही. आणि तुमचं स्टॅट-वर्क शेवटी स्वतःलाच पुन्हा रांगेत लावतं, म्हणजे काढलेलं परत उगवतं. कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक चालू वर्क संपेपर्यंत थांबतं आणि स्वतःला परत लावणाऱ्या वर्कलाही आवर घालतं. इथवर सोपं.

पण नुसता सिंक जोडून थांबलात तर दोन नवे खड्डे तयार आहेत.

पहिला खड्डा आरटीएनएलचा, म्हणजे नेटवर्क सेटिंग बदलताना घ्यायच्या कर्नलभरच्या एकाच कुलपाचा. स्टॉप फंक्शन चालतं तेव्हा आरटीएनएल लॉक घेतलेला असतो. तुमचं दुसरं वर्क, इव्हेंट-वर्क, कॅरियर (लिंक आहे की नाही) आणि एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) बदलताना आरटीएनएल_लॉक घेतं. स्टॉपने लॉक धरून त्या वर्कची वाट बघायची आणि वर्कने लॉकची वाट बघायची. पॅनिक गेला, डेडलॉक आला. लक्षण ओळखायचं असेल तर: आयपी कमांड टांगून राहते, एसएसएच असेल तर नवं काही उघडत नाही, आणि दोन मिनिटांनी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकल्याची ओळ येते. म्हणून वर्क थांबवण्याची जागा स्टॉप नव्हे. अनरजिस्टर_नेटडेव्ह परतलं की आरटीएनएल सुटलेला असतो, नवं ओपन किंवा ट्रान्समिट येऊ शकत नाही, आणि फ्री_नेटडेव्ह अजून व्हायचं असतं म्हणून प्रायव्हेट मेमरी शाबूत असते. या दोघांच्या मधली जागा आवराआवरीसाठीच आहे. फक्त एवढं बघा की ड्रायव्हरने नीड्स_फ्री_नेटडेव्ह लावलेलं नाही. लावलं असेल तर अनरजिस्टरच मेमरी सोडून देतं आणि ही जागाच उरत नाही. तुमच्या कोडमध्ये नाहीये, मी बघितलं.

दुसरा खड्डा गोल फिरणारा आहे. इंटरप्ट यूआरबी पूर्ण झाला की त्याचं कम्प्लीशन इव्हेंट-वर्क रांगेत लावतं; इव्हेंट-वर्क काम संपवून यूआरबी परत सबमिट करतं. आधी यूआरबी मारला तर वर्क तो पुन्हा जिवंत करू शकतं. आधी वर्क थांबवलं तर यूआरबी ते परत लावू शकतो. कुठूनही सुरुवात करा, दुसरा मागून येतो. रिपोर्टच्या त्या दुर्लक्षित भागात यूआरबीचं कम्प्लीशन दिसत होतं ते याचमुळे. लाजायचं कारण नाही, कर्नलमधल्या खुद्द यूएसबीनेट ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच चक्र होतं आणि ते २०२४ मध्ये तोडलं गेलं. तिथे डिव्हाइस निघालं असा फ्लॅग लावून दोन्ही बाजूंना परत रांगेत लावण्याआधी तो बघायला लावला.

तुमच्या ड्रायव्हरसाठी मी यूएसबी_पॉयझन_यूआरबी वापरेन. यूएसबी_किल_यूआरबी चालू यूआरबी संपवतं आणि कम्प्लीशन परतेपर्यंत थांबतं, पण नंतर कुणी परत सबमिट केलं तर हरकत घेत नाही. पॉयझन केलेला यूआरबी पुढचं प्रत्येक सबमिट नाकारतो. चक्र तिथेच तुटतं. तुमच्याकडे सध्या यूएसबी_अनलिंक_यूआरबी आहे, ते तर वाटही बघत नाही, ते काढाच.

तर डिस्कनेक्टचा क्रम असा लावा: अनरजिस्टर_नेटडेव्ह, मग इंटरप्ट आणि रिसीव्हचे सगळे यूआरबी पॉयझन, ट्रान्समिटचे अँकरवर (यूआरबींच्या एकत्र यादीवर) असतील तर अख्खा अँकर पॉयझन, मग इव्हेंट-वर्कचं कॅन्सल_वर्क_सिंक, मग स्टॅट-वर्कचं कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक. इव्हेंट-वर्क आधी, कारण तुमच्या कोडमध्ये ते कधीकधी स्टॅट-वर्कला उठवतं. मग यूआरबी फ्री, आणि सगळ्यात शेवटी फ्री_नेटडेव्ह. एमस्लीप काढून टाका. प्रोबमध्ये यूएसबी_गेट_डेव्ह (डिव्हाइसवरचा स्वतःचा संदर्भ) घेतलेलं नाही, तेही घ्या आणि शेवटी यूएसबी_पुट_डेव्ह करा. कंट्रोल मेसेजचा टाइमआउट ५ सेकंदांवरून ५०० मिलिसेकंदांवर आणा, नाहीतर डिस्कनेक्ट उगाच तेवढा वेळ ताटकळेल आणि डोंगल परत उठला तरी प्रोबला उशीर होईल.

६.१० पासूनच्या कर्नलमध्ये डिसेबल_डिलेड_वर्क_सिंक मिळतं. ते वर्क थांबवतं आणि परत लावूही देत नाही. टायमरसाठी तसंच टायमर_शटडाउन_सिंक ६.२ मध्ये आलं. मूळ ५.१५ मध्ये ही दोन्ही नाहीत.

बाकी ड्रायव्हर चाळताना आणखी दोन जागा दिसल्या. रिपोर्टमध्ये त्या नाहीत, म्हणजे अजून योग आलेला नाही एवढंच.

एक, रिसीव्ह मार्गात नेटिफ_आरएक्सला (पॅकेट वरच्या थराला देणाऱ्या फंक्शनला) पॅकेट दिल्यावर पुढच्या ओळीत आरएक्स_बाइट्समध्ये (आलेल्या बाइटच्या काउंटरमध्ये) एसकेबीची, म्हणजे त्याच पॅकेटची, लांबी मिळवली आहे. पॅकेट दिलं की ते तुमचं राहिलं नाही. वरच्या थराने ते तोवर मोकळंही केलेलं असू शकतं. लांबी आधी एका स्थानिक चलात घ्या, मग पॅकेट द्या. ही चूक मी स्वतः केलेली आहे. पुण्यात एका कंपनीत असताना आमच्या राउटरच्या वापराच्या आकड्यात मधूनच काही जीबीची उडी दिसायची. ग्राहक बिलावरून भांडायचे, आम्ही बिलिंगच्या सर्व्हरचा कोड तीन आठवडे खणत बसलो. क्रॅश एकही नाही. शेवटी कर्नल स्लबच्या (मेमरी वाटणाऱ्या भागाच्या) पॉयझनिंगसह चालवला, आणि उडी प्रत्येक वेळी एकच आकडा यायला लागली. हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत) लिहिला तर ६बी६बी६बी६बी. स्लब मोकळ्या मेमरीत ६बी भरून ठेवतं. म्हणजे आम्ही मोकळ्या पॅकेटची लांबी ग्राहकाच्या बिलात मिळवत होतो. तेव्हापासून डंपमध्ये ६बी ची रांग दिसली की मी दुसरं काही बघत नाही.

दोन, व्हॉल्व्ह नोडची यादी. शोधताना आरसीयू_रीड_लॉक घेता (आरसीयू म्हणजे जुने वाचक बाहेर पडेपर्यंत मेमरी सोडणं लांबवण्याची व्यवस्था), नोड सापडतो, आरसीयू_रीड_अनलॉक करता आणि त्यानंतर नोडमध्ये शेवटच्या भेटीची वेळ लिहिता. अनलॉकनंतर तो पॉइंटर तुमचा नाही. शिवाय जुने नोड काढणारं फंक्शन लिस्ट_डेल_आरसीयू करून लगेच केफ्री करतं, म्हणजे मेमरी सोडतं. यादीतून काढलं म्हणजे नवीन वाचकाला दिसणार नाही इतकंच. जुना वाचक अजून त्याच्यावर उभा असू शकतो. केफ्रीऐवजी केफ्री_आरसीयू करा, आणि अनलॉक लिहिण्याच्या खाली न्या. नोड जास्त वेळ धरायचा असेल तर त्यात रेफकाउंट_टी (संदर्भ मोजणारा काउंटर) ठेवा आणि शोधतानाच रेफकाउंट_इंक_नॉट_झीरोने घ्या. शून्यावर गेलेल्याला परत उचलू नका, नॉट_झीरो त्यासाठीच आहे. प्रूव्ह_आरसीयू (आरसीयूचा वापर तपासणारं सेटिंग) चालू करून ठेवाच, पण अनलॉकनंतर बाहेर नेलेला पॉइंटर ते पकडत नाही, तिथे डोळेच लागतात.

आता दुरुस्ती खरी आहे हे कसं ठरवायचं? आठवडाभर पॅनिक आला नाही, हा पुरावा नव्हे. एमस्लीपनेही तेच केलं होतं. उशीर उपाय म्हणून वापरू नका, सापळा म्हणून लावा. जुन्याच कोडमध्ये, कासानसह, स्टॅट-वर्कमध्ये कंट्रोल मेसेजच्या लगेच खाली ३ सेकंदांचा एमस्लीप टाका. मेलेल्या डोंगलची नक्कल झाली. मग सिसएफएसमधल्या (कर्नल डिव्हाइसची सेटिंग फाइलींसारखी दाखवतो तिथल्या) त्या यूएसबी डिव्हाइसच्या ऑथोराइज्ड फाइलमध्ये ० लिहा. डिस्कनेक्ट लगेच येतं, डोंगल उपटायचीही गरज नाही. १ लिहिलं की परत प्रोब. पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच टेबलावर तोच रिपोर्ट यायला हवा. आला नाही तर माझं निदान चुकलंय, मला परत लिहा. आला तर सापळा तसाच ठेवून दुरुस्त कोड चढवा: आता डिस्कनेक्ट कधी कधी ३ सेकंद अडेल आणि कासान गप्प राहील. मग सापळा काढून तीच फेरी स्क्रिप्टने रात्रभर फिरवा. मागे आयपर्फ (नेटवर्कवर सतत डेटा पाठवणारं साधन) चालू ठेवा, म्हणजे रिसीव्ह मार्गही जागा राहील.

कासान साठही गेटवेंवर लावायचा विचार करू नका. दर ८ बाइटमागे १ बाइट सावली मेमरी, म्हणजे तुमच्या ५१२ पैकी ६४ एमबी तिथेच गेली, आणि वेगही पडतो. वावरात केफेन्स (याच चुका पकडणारं हलकं साधन) ठेवा, ५.१२ पासून आहे, नेहमीच्या सेटिंगला २ एमबीच्या आसपास घेतो आणि दर १०० मिलिसेकंदांनी एखादी मेमरी पहाऱ्याखाली ठेवतो. नेट_डिव्हाइससारखी प्रोबमध्ये एकदाच घेतली जाणारी मेमरी त्याच्या जाळ्यात येणं नशिबाचं, पण नोड आणि पॅकेटसारख्या सतत घेतल्या-सोडल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी, आणि एक सोडून साठ यंत्रं असताना, तो चांगलं काम करतो.

डोंगलला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा आणि कपॅसिटर लावायचा तुमच्या हार्डवेअरवाल्याचा सल्ला बरोबर आहे. फक्त तो आत्ता नको. व्होल्टेज बसणं हा सध्या तुमचा सगळ्यात इमानदार टेस्टर आहे. तो आधी घालवलात तर कोडमधला बग तसाच राहील आणि पुढच्या वर्षी कुणीतरी डोंगल हाताने उपटेल तेव्हा भेटेल. नवा ड्रायव्हर आधी त्या डीपीवरच्या चार गेटवेंवर टाका जिथे रोज पडायचं, कपॅसिटरशिवाय, केफेन्ससह. डिस्कनेक्ट आणि प्रोब किती वेळा झालं ते मोजणारी एक ओळ लॉगमध्ये लिहा. दहा रात्री डिस्कनेक्टचा आकडा चढतोय आणि रीबूटचा आकडा हलत नाही असं दिसलं, की मग बाकीच्या छप्पन्नांना हात लावा आणि कपॅसिटर मागवा.